गॉडफ्लेशचा ठेका यंत्राचाच हवा का?

धागाकर्ता: इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या 'गॉडफ्लेश' या मेटल बँडचा जस्टिन ब्रॉड्रिक हा काही ड्रमवादक मिळेना म्हणून यंत्राकडे वळलेला माणूस नव्हे. 'नेपाम डेथ' या बँडच्या 'स्कम' (१९८७) या अल्बमच्या पहिल्या बाजूवर गिटार वाजवून तो 'हेड ऑफ डेव्हिड' या बँडमध्ये गेला, तो ड्रमवादक म्हणूनच. तरीही १९८८ मध्ये बासवादक जी. सी. ग्रीनसोबत गॉडफ्लेश हा नवा बँड उभारताना त्याने ड्रम मशीन (ठेका वाजवणारे यंत्र) निवडले. 'स्ट्रीटक्लीनर' (१९८९) हा अल्बम ऐकताना हे कळते: बास ड्रमचा प्रत्येक घाव आधीच्या घावाइतकाच जड पडतो, हात थकत नाही, दया येत नाही, आणि त्या यंत्राखाली ब्रॉड्रिकचा आवाज चिरडला जातो. म्हणून पुढे जिवंत ड्रमवादक घेणे ही मला चूक वाटते. 'हिम्स' (२००१) हा अल्बम भारदस्त आहे, पण तसे बँड इतरही होते.

प्रतिसाद १: असहमत. यंत्र हे साधन होते, आपण त्याचे दैवत करून ठेवले आहे. 'हिम्स'वर टेड पार्सन्स ड्रम वाजवतो, तेव्हा झांजांचा नाद दोन ठोक्यांमधली जागा भरून काढतो आणि गिटारला प्रथमच सूर धरून रेंगाळता येते. त्या अल्बमच्या शेवटच्या गाण्याचे नाव 'जेसू' आहे, आणि २००२ मध्ये ग्रीन बाहेर पडून, ब्रॉड्रिक स्वतः मानसिकदृष्ट्या कोलमडून बँड संपल्यावर त्याने नव्या, संथ आणि सुरेल बँडला तेच नाव दिले. ज्या वळणातून पुढची सारी कारकीर्द निघाली, त्याला चूक कसे म्हणावे?

धागाकर्ता: 'जेसू' मलाही आवडतो, पण तो वेगळ्या नावाने आला, यातच माझा मुद्दा आहे. गॉडफ्लेश २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला आणि २०१४ मध्ये 'अ वर्ल्ड लिट ओन्ली बाय फायर' हा अल्बम निघाला, तेव्हा ठेका पुन्हा यंत्राचाच होता.

प्रतिसाद २: आपण दोघेही ग्रीनला विसरता आहात (बासवादकाच्या नशिबी हे असतेच). त्याचा करकरीत, विकृत केलेला बास काढून टाका. मग यंत्र असो वा पार्सन्स, उरतो तो सांगाडा. १९९६ च्या 'साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट'वरही ड्रमवादक माणूसच होता, पण तो अल्बम कोणाला परका वाटत नाही.

प्रतिसाद १: मला तर तोच सर्वांत जास्त आवडतो.