कागद शुद्ध, पण मूत्राशयात खडे

'वंशावळीचा कागद असला की कुत्रा निरोगीच' हे म्हणणं मला अजिबात पटत नाही.

आमच्या शेजाऱ्यांचा डाल्मेशियन, म्हणजे तो पांढरा, काळ्या ठिपक्यांचा जातिवंत कुत्रा, जिन्याखाली पाच-पाच मिनिटं पाय वर करून उभा राहायचा. थरथरायचा, आणि पडायचे चार थेंब. मूत्रमार्गात खडा अडकला होता. कागदपत्रं मात्र अगदी चोख!

या जातीत लघवीतलं युरिक अ‍ॅसिड वाढवणारा आणि त्यातून खडे करणारा जनुकीय दोष सरसकट पसरला आहे. नराचा मूत्रमार्ग अरुंद, म्हणून खडा त्याच्यातच जास्त अडकतो. यावर उपाय सापडला होता. १९७३ साली अमेरिकेत जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी डाल्मेशियनचा एकदाच पॉइंटर या दुसऱ्या जातीच्या कुत्र्याशी संकर केला, पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच. निरोगी जनुक टिकलं, ठिपकेही टिकले. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, त्यातल्या दोन कुत्र्यांची नोंदणी केली, पण डाल्मेशियन क्लबच्या सभासदांनी 'रक्त भेसळीचं' म्हणून ओरड केली आणि नोंदणी थांबली. परत सुरू व्हायला २०११ उजाडलं. तीस वर्षं! तेवढ्या काळात किती मुके जीव असे कळवळले असतील?

पिल्लू घेणार असाल तर आईबापांची पदकं नंतर बघा, आधी त्यांच्या लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट मागा.