नेमबाजी क्लबच्या शस्त्रागारात अल्ट्रासॉनिक क्लीनर हवा की नको?

धागाकर्ता:
माझं मत, हवाच. पॉइंट टू टू (.२२) बोअरच्या काडतुसांचं शिसं, मेण आणि जळक्या दारूची काजळी एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामं काडतूस बाहेर ओढणाऱ्या भागाच्या, नखाखाली घट्ट बसते. तिथे ब्रश पोचत नाही, मग पोरं सुईने कोरत बसतात. झवेरी बाजारात दागिने धुतात तीच ही टाकी. सेकंदाला साधारण ४०,००० कंपनं. त्यांनी द्रवात बारीक बुडबुडे तयार होतात, धातूला लागून फुटतात आणि सांदीतला मळ सुटतो. हत्यार रिकामं आहे ना ते बघायचं, बोल्ट (काडतूस नळीत बंद करणारा सरकता भाग) आणि फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी पिन) सुटे करायचे, टाकीत सोडायचे.

वरळीकर:
माझा ठाम विरोध. ही टाकी मळाबरोबर तेलही काढते. उघडं पोलाद आणि जुलैतली खारी, दमट हवा! सकाळी पेटी उघडाल तर बोल्टवर तांबूस ठिपके. क्लबची हत्यारं दहा हातांत फिरतात, तेल लावायची जबाबदारी कोण घेणार?

धागाकर्ता:
तेल लावायचा आळस केला तर गंज येणारच, त्यात टाकीचा काय दोष? स्वच्छ पाण्यात खंगाळा, गरम हवेने वाळवा, तिथल्या तिथे तेलात बुडवा. लाकडी मूठ, दुर्बीण, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर टाकीत कधीच नाही. ॲल्युमिनियमच्या भागांना तीव्र क्षाराचा द्रव चालत नाही, वरचा संरक्षक ॲनोडाइज्ड थर जातो.

जुना प्रशिक्षक:
मला काळजी वेगळीच आहे. चिंधीने बोल्ट पुसताना एक्स्ट्रॅक्टरच्या नखाची उडालेली कड बोटाला लागते, स्प्रिंग सैल पडलेली कळते. नवीन मुलांना ही ओळख व्हायलाच हवी. यंत्राने ती कशी होणार?

वरळीकर:
अगदी बरोबर बोललात, सर.

धागाकर्ता:
सर, तुमचं म्हणणं मान्य, पण काजळीखालची चीर बोटालाही लागत नाही. आधी धुऊ, मग मुलं भिंगाखाली एकेक भाग बघतील.

दहा मीटरवाली:
एअर रायफल यात ओढू नका. आमच्याकडे दारूच नाही, साफसफाईच्या फेल्टच्या (नमद्याच्या) गोळ्या नळीतून काढल्या की काम झालं. वॉल्व्ह टाकीत घातलात तर सील बिघडायची भीती.

नेमबाज मुलीची आई:
त्या घाण पाण्याचं काय करता, हे कुणीच बोलत नाही. गोळीतलं आणि प्रायमरमधलं (काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या मसाल्यातलं) शिसं त्यातच उतरतं. मी पाहिलंय, लोक घरी चष्मा धुवायच्या छोट्या यंत्रात भाग टाकतात आणि पाणी सरळ स्वयंपाकघरातल्या मोरीत ओततात. घरात लहान मुलं असतात हो! क्लबने यंत्र घ्यायचं तर टाकी फक्त याच कामाची, हातमोजे सक्तीचे आणि वापरलेला द्रव झाकणाच्या कॅनमध्ये साठवून घातक कचरा नेणाऱ्यांकडे. एवढं लेखी ठरलं तर माझा पाठिंबा.

नवा सभासद:
पाण्याऐवजी पेट्रोल किंवा थिनर घातलं तर गंजाची भानगडच नको ना?

धागाकर्ता:
चुकूनही नको. टाकी चालताना द्रव तापतो, वाफ खोलीभर पसरते आणि स्विचच्या एका ठिणगीने पेट घेते. त्यासाठीच बनवलेला, पाण्यात मिसळायचा द्रव घ्या, आणि खिडकी उघडी ठेवा.