पेनवाला मोठा फोन साइटवर खरंच कामाचा आहे का? की नुसता नखरा

टेपपट्टी
मंडळी एक सल्ला हवाय, जरा लांबड लागेल, सहन करा. मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते, इंटिरिअरची छोटीमोठी कामं घेते, किचन, वॉर्डरोब, दुकानांची काउंटरं वगैरे. दिवसभर अ‍ॅक्टिवावर, एक साइट विजयनगरला तर दुसरी अन्नपूर्णेला. आतापर्यंतची पद्धत अशी की भिंतीचा फोटो मोबाइलवर काढायचा, मापं डायरीत लिहायची आणि रात्री घरी बसून दोन्ही जुळवायचं.

गेल्या महिन्यात घोळ झाला. वॉर्डरोबची उंची डायरीत ८२ इंच लिहिलेली, डोक्यात पण ब्याऐंशीच, आणि मिस्त्रीला व्हॉट्सअ‍ॅपवर हिंदीत बोलून पाठवताना तोंडातून "बहत्तर" गेलं. आपल्या इंदूरच्या मराठी लोकांचं हे कायमचं दुखणं, बयासी म्हणायला आधी मनात गणित करावं लागतं. मिस्त्रीने ७२ चा बनवून आणला, वर दहा इंचाची फट, मग तिथे खोके करून दिले, पैसे अर्थात माझे.

तेव्हापासून ठरवलंय की माप फोटोवरच लिहायचं आणि तोच फोटो पाठवायचा. बोटाने लिहून बघितलं तर माझा ४ आणि ९ एकसारखेच दिसतात. आता प्रश्न. फोनच्या पोटातून पेन निघतो तसा मोठा फोन घ्यावा का? की दोनशे रुपयांचा रबरी टोकाचा पेन आहे त्या फोनवर चालेल? बजेट ४५ हजारापर्यंत, त्याच्यावर एक रुपया नाही. मोटोरोलाचा एज ६० स्टायलस २२,९९९ ला आला होता तो मनात आहे. पण एवढा मोठा फोन एका हातात धरून दुसऱ्या हाताने लिहिता येतं का हो? शिडीवर उभं राहून?

जेलरोडवाला
ताई, जेल रोडला मोबाइल रिपेअरिंगचं काम करतो, तर जे रोज बघतो ते सांगतो. "पेनवाला फोन" हे एकच नाव आहे पण आत दोन अगदी वेगळ्या जाती आहेत आणि दुकानदार हे सांगत नाही.

पहिली जात म्हणजे पेन हे बोटाचंच काम करतो. स्क्रीनला वाटतं बोटच लागलंय. तुमचा दोनशेचा रबरी पेन ह्याच जातीचा. तुम्ही म्हणताय त्या मोटोचा पेन त्याच्यापेक्षा पुष्कळ बारीक टोकाचा आणि नीट बनवलेला आहे, पण जात तीच, दाबलं की रेघ जाड आणि हलक्या हाताने बारीक असं होत नाही. दुसरी जात सॅमसंगच्या नोटची आणि आता अल्ट्राची. त्यात डिस्प्लेच्या खाली एक वेगळा पत्रा असतो, तो चुंबकी क्षेत्र तयार करतो, आणि पेनच्या आत एक बारकी कॉईल असते ती त्याच्यावरच चालते. लिहायला पेनला बॅटरी लागत नाही. फोनला पेन कुठला आणि हात कुठला हे वेगवेगळं कळतं, म्हणून तळवा काचेवर टेकवून लिहिता येतं.

दुकानात ओळखायचं कसं? पेनचं टोक काचेपासून नखभर वर धरा, न लावता. खाली ठिपका फिरायला लागला तर दुसरी जात. मग हात पूर्ण टेकवून एक अख्खी ओळ लिहा, आपलं नाव नको, नाव सगळ्यांचं छान येतं, चार-पाच मापं लिहा, ७'-४½" असली. अर्धा लिहिता येतोय का बघा.

अजून एक, पावसात किंवा घामाच्या हाताने पहिली जात वेड्यासारखं करते, पाण्याच्या थेंबालाच बोट समजते. आणि दुसऱ्या जातीला चुंबकवालं कव्हर लावू नका. चुंबक असेल तिथे रेघ वाकडी जाते नाहीतर येतच नाही. माझ्याकडे लोक फोन बिघडला म्हणून येतात, मी कव्हर काढतो, फोन चांगला होतो, पैसे घ्यायची पण लाज वाटते.

कागदच_बरा
४५ हजार?? वीस रुपयांची वही घ्या, माप लिहा, वहीच भिंतीवर धरा आणि दोघांचा एकत्र फोटो काढा. झालं काम. उरलेल्या पैशात वर्षभर छप्पन दुकानला चाट खा.

टेपपट्टी
@कागदच_बरा हा उपाय करून झालाय दादा, वही धरायला तिसरा हात लागतो :) आणि कुठलं माप कुठल्या कडेचं ते तरी कसं कळणार? मला बाण काढायचेत, प्लगपॉइंटवर गोल करायचाय.

@जेलरोडवाला धन्यवाद, हे कोणीच सांगितलं नव्हतं.

भंवरकुआंचा_मास्तर
ह्यात मी जुना पापी आहे. २०११ ला पहिला गॅलेक्सी नोट आला, ५.३ इंचाचा, तेव्हा लोक हसायचे, कानाला पाटी लावलीये का विचारायचे. आज ५.३ इंच म्हणजे छोटा फोन वाटतो आणि हसणाऱ्यांच्या खिशात ६.७ आहेत. तेव्हापासून नोटच वापरतोय, कोचिंगमध्ये गणित शिकवतो, पोरं रात्री अकराला डाउट पाठवतात त्याच फोटोवर सोडवून परत पाठवतो. म्हणजे तुमच्यासारखंच काम, फक्त भिंतीच्या जागी त्रिकोण.

आता ह्या फोनच्या फीचरची यादी वाचलीत तर डोकं गरगरेल. माझा अनुभव असा की पेनचे वीस गुण सांगतात त्यातले तीन रोज लागतात. एक, स्क्रीन बंद असताना पेन काढला की सरळ काळ्या स्क्रीनवर लिहायला लागायचं, लॉक उघडा, अ‍ॅप शोधा काही नाही. शिडीवर उभ्या माणसाला ह्याच्यासारखं सुख नाही, मिस्त्री वरून "पैंतीस" ओरडला की ३५ लिहून मोकळं. (ते साठवलं जातं, घाबरू नका.) दोन, समोर स्क्रीनवर जे असेल त्याचा फोटो घेऊन त्याच्यावरच लिहिता येतं. तीन, पेन बाहेर राहिला आणि फोन उचलून चालायला लागलात तर फोन ओरडतो. ही सेटिंग आधी चालू करा, मी एक पेन सराफ्यात खोपरापॅटिसच्या गाड्यावर घालवलाय.

बाकीचं? २०१८ च्या नोट ९ पासून पेनमध्ये ब्लूटूथ आला, बटण दाबून लांबून फोटो काढता यायचा, पुढच्या नोटपासून हवेत पेन फिरवून गाणं बदलायचं, जादूगारासारखं. मी दोन दिवस पोरांना दाखवलं आणि विसरलो. २०२५ च्या एस २५ अल्ट्रामध्ये तो ब्लूटूथ काढूनच टाकला तर काय बोंबाबोंब झाली, पण लिहिणाऱ्याचं त्यात काही गेलं नाही. दाबाच्या ४०९६ पातळ्या आहेत म्हणतात, चित्रकाराला ठीक आहे, तुम्हाला आणि मला चाळीस पुरतील.

म्हणून माझं मत, नवा कोरा अल्ट्रा तुमच्या बजेटात येत नाही आणि यायची गरजही नाही. सॅमसंगचाच जुना एस २२ अल्ट्रा शोधा. फेब्रुवारी २०२२ चा आहे, नोटची मालिका संपल्यावर एस मालिकेत पेन पोटात आलेला तो पहिलाच. ६.८ इंच, ५००० एमएएचची बॅटरी. सिक्युरिटी अपडेट कंपनीने पाच वर्षं म्हणजे २०२७ पर्यंत सांगितलेत. थोडे पैसे वाढवून एस २३ अल्ट्रा मिळाला तर अजून एक वर्ष पुढे.

टेपपट्टी
मास्तर, वजनाचं काय? आणि उन्हात दिसतो का? माझ्या अर्ध्या साइटवर छप्परच नसतं.

भंवरकुआंचा_मास्तर
जड आहे, खोटं नाही बोलणार. २२९ ग्रॅम, कव्हर घातलं की अडीचशेच्या वर. कुर्त्याचा खिसा एका बाजूला लोंबतो. रुंदी साधारण ७८ मिलिमीटर, टेप तर तुमच्याकडे आहेच, पुठ्ठ्याचा तुकडा ७८ बाय १६३ कापा आणि पंजात धरून बघा, अंगठा पलीकडे पोचला नाही तर मागे चिकटणारी अंगठी लावा. मी लावलीये, तिच्याशिवाय शिडीवर मी तरी नसतो चढलो.

उन्हाचं म्हणाल तर कंपनी स्क्रीनचा उजेड १७५० निट्सपर्यंत सांगते आणि सकाळी खरंच स्वच्छ दिसतो. पण मे महिन्यात दुपारी एकला उघड्या स्लॅबवर फोन तापतो आणि तापला की आपोआप अंधुक होतो. ते कुठल्याही फोनचं होतं, आपलंही होतं.

रामबागकाका
सर्व तरुण मंडळींना आशीर्वाद. माझा विषय जरा वेगळा आहे पण पेन तोच, म्हणून लिहितो. निवृत्तीनंतर मोडी शिकतोय. घरात पणजोबांच्या वेळची होळकरशाहीतली कागदपत्रं आहेत, ती वाचायची आहेत म्हणून हा खटाटोप. मोडीचं असं की हात न उचलता लिहायची लिपी, आधी डोक्यावरची रेघ आखायची आणि मग अक्षरं एकातून एक काढत जायचं. युनिकोडमध्ये मोडी २०१४ ला आली पण माझ्या फोनच्या कीबोर्डात मोडी नाही, म्हणजे टाइप करायचा प्रश्नच मिटला, हातानेच लिहायचं. लेकाने त्याचा जुना नोट दिला आणि आता रोज सकाळी चहाबरोबर पानभर लिहितो.

दोन गोष्टी सांगतो ज्या वरच्यांनी सांगितल्या नाहीत. काच घसरते. कागदाला जो अडसर असतो तो काचेला नाही, त्यामुळे सुरुवातीला अक्षर पळतं, माझा मोडी "क" तर अर्ध्या ओळीपर्यंत गेला होता. टेंपर्ड काच जाड असली तर अजून वाईट, टोक आणि रेघ ह्यांच्यात अंतर पडल्यासारखं वाटतं. मी काच काढून पातळ मॅट फिल्म लावली, आता जरा खरखर लागते आणि हात थांबतो. मात्र खरखरीने पेनचं टोक झिजतं. टोक बदलता येतं, चिमट्याने ओढून काढायचं आणि नवं बसवायचं, घाबरायचं कारण नाही. झिजलेल्या टोकाने लिहीत राहिलात तर फिल्मवर ओरखडे पडतील.

आणि ताई, तू मराठी लिहिण्याचं विचारलं नाहीस पण सांगून ठेवतो, गुगलच्या कीबोर्डात मराठीचं हस्तलिखित घेता येतं, हाताने "लाकडाची पट्टी" लिही, ते टाइप होऊन पडतं. जोडाक्षरं सावकाश लिहिलीस तर चुकत नाही. "ष्ट्र" ला मात्र अजून ठेच लागते, निदान माझ्या अक्षराला तरी.

कागदच_बरा
काका तुम्ही मोडीतलं एक पान टाका ना इथे. (मी अजूनही वहीवर ठाम आहे.)

जेलरोडवाला
ताई सेकंडहँड बघायला जाल तर घाईत घेऊ नका. पांढरं कोरं पान उघडा आणि पेनने कडेपासून कडेपर्यंत आडव्या रेघा मारा, मग उभ्या, मग तिरक्या. सगळीकडे रेघ सलग आली पाहिजे. मध्येच तुटली आणि कव्हर काढूनही तुटली तर खालचा पत्रा गेलाय, किंवा डिस्प्ले कोणीतरी बदललाय आणि हलका टाकलाय. फोन फोटोत चकाचक दिसेल, व्हिडिओ चालेल, फक्त पेन चालणार नाही, आणि तुम्ही पेनसाठीच घेताय. हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ आहे का तेही पांढऱ्या पानावरच दिसतं. पेन आतबाहेर दहा वेळा करा, खटका नीट लागला पाहिजे. ह्या फोनचा डिस्प्ले बदलायचा खर्च घ्यायच्या आधीच विचारून ठेवा, नंतर विचारलात तर खुर्ची लागेल बसायला. आणि जुन्या फोनचं आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) आणि बिल बघून घ्यायचं, हे सांगायला नको.

टेपपट्टी
अपडेट देते, तीन आठवडे झाले.

आधी मोटो हातात घेऊन बघितला. खरं सांगू, वाईट नाहीये, हलका आहे, हेडफोनची पिन लागते, मेमरी कार्ड पडतं, आणि नवा कोरा वॉरंटीसकट. बाण आणि गोल मस्त आले. पण हात टेकवून ७'-४½" लिहिलं तेव्हा तळव्याची एक रेघ आली आणि अर्ध्याच्या खालचा २ गायब. ज्याला नुसता फोटोवर गोल मारायचाय त्याने बिनधास्त घ्यावा, माझा सगळा खेळ त्या अर्ध्याचाच आहे.

मग सेकंडहँड. पहिल्या दुकानात एस २२ अल्ट्रा दाखवला, आरशासारखा. मी जेलरोडवाल्यांनी सांगितल्या तशा रेघा मारायला लागले तर दुकानदार म्हणे मॅडम ड्रॉइंग क्लास है क्या. उजव्या बाजूला वरती अंगठ्याएवढ्या जागेत रेघच उमटत नव्हती. कव्हर काढलं तरी नाही. तो म्हणाला अपडेट करो ठीक हो जाएगा. नमस्कार करून बाहेर. दुसऱ्या ठिकाणी एस २३ अल्ट्रा मिळाला, बिलासकट, बजेटला अगदी खेटून, कव्हर आणि फिल्म धरून वर ३०० गेले तेवढे माफ करा. वजन अजून पाच ग्रॅम जास्तच आहे ह्याचं, मास्तरांची अंगठी मागवली.

काका, मॅट फिल्मसाठी तुमच्या पाया पडते. पहिले दोन दिवस काचेवर माझे आकडे बर्फावर चालल्यासारखे घसरत होते.

काम कसं चाललंय ते पण सांगते. परवा अन्नपूर्णेच्या साइटवर किचनच्या भिंतीचा फोटो काढला, त्याच्यावर मापं, चिमणीचा पॉइंट, सिंकचा पाइप, सगळं लाल पेनने, आणि तिथेच मिस्त्रीला पाठवलं. त्याने बघितलं, मान डोलावली आणि म्हणाला दीदी कोपऱ्यातला ड्रॉवर उघडताना हँडल बाजूच्याला अडेल. बोलून समजेना म्हणून मी पेन त्याच्या हातात दिला. त्याने माझ्यापेक्षा सरळ रेघा मारल्या, ड्रॉवर दोन इंच सरकवून दाखवला, बरोबर होता. मी स्क्रीन बंद करून फोन पर्समध्ये टाकला आणि जिन्याकडे निघाले तर फोन ओरडायला लागला. वळून बघते तर पेन मिस्त्रीच्या कानावर, पेन्सिलीच्या शेजारी.

भंवरकुआंचा_मास्तर
सेटिंग चालू केली होती म्हणजे. शाबास.

रामबागकाका
@कागदच_बरा पान उद्या टाकतो, आज "ष्ट्र" वरच अडलोय.