प्रति: बागेला तिकीट लावा
‘पाच रुपये तिकीट लावलं की देखभालीचा खर्च निघेल, गर्दीही आवरेल’ हे निम्मं पटलं. पण गर्दी म्हणजे कोण? धुणीभांडी उरकून घटकाभर टेकायला येणाऱ्या बायकाच ना?

आमच्या विश्रामबाग भागातल्या बागेत सकाळी फिरणाऱ्यांनी वर्गणी काढली. बाकडी आली, त्यांवर देणगीदारांची नावं (ती मात्र ठळक) आली. मोटारसायकली घुसू नयेत म्हणून फाटकात आडवेतिडवे पाइपही ठोकले. शेजारच्या काकू नातवाला व्हीलचेअरवर घेऊन आल्या, चाक पाइपात अडकलं, तशाच माघारी गेल्या. बैठकीला फक्त वर्गणीदार, काकूंना विचारणार कोण? मग रॅम्प केला, तोही घसरगुंडीच. फूटभर उंचीला १२ फूट लांबी लागते, आमचा जेमतेम ४ फुटांचा. फोडून पुन्हा करायला दुसरी वर्गणी काढावी लागली.