'व्याख्या करा' म्हणजे नेमकं काय करायचं?

धरमपेठी: शिकवणीसाठी एक हिंदी प्रश्नसंच मराठीत करून राहिलो आहे. "पाइथागोरस प्रमेय की व्याख्या कीजिए" होतं, मी "प्रमेयाची व्याख्या करा" लिहून मोकळा झालो. काल दहावीतल्या पोरानं उत्तर लिहिलं, "जे विधान सिद्ध करता येते त्याला प्रमेय म्हणतात." वर मार्क मागतो! चूक माझीच. हिंदीत व्याख्या म्हणजे समजावून सांगणं. पण मग त्यांच्या 'परिभाषा'ला (definition) काय लिहू? बायको म्हणते तोच शब्द ठेवा, ती हिंदी शाळेतली.

कर्णभुजा: 'व्याख्या'च लिहा. मराठीत परिभाषा म्हणजे एखाद्या शास्त्राचा सगळा शब्दसाठा. आणि प्रमेयाला व्याख्या नसते, विधान असतं नि सिद्धता असते. व्याख्या 'एकरूप त्रिकोण' याची: तिन्ही बाजू आणि तिन्ही कोन जुळले पाहिजेत. बाकोबा (बाजू-कोन-बाजू), कोबाको, बाबाबा या कसोट्या झाल्या. व्याख्या सहा गोष्टी मागते, कसोटी तिनांत भागवते. पोरांची गफलत इथेच होते.

जुनीपाटी: थांबा जरा. भास्कराचार्यांची लीलावती (११५०) सुरूच होते परिभाषेनं. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. कशाला काय म्हणायचं, हेच ना ते? वहिनी बरोबर आहेत. संस्कृतात व्याख्या म्हणजे विवरण. हिंदीनं अर्थ राखला, घसरलो आपण.

कर्णभुजा: मूळ अर्थानं 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी. मग त्रिकोणमितीतल्या ज्या ३०° ला (साइन ३०°) काय दोरी म्हणू?

महालातला: दोघांचंही राहू द्या, खरा शब्द 'लक्षण'. न्यायशास्त्रात त्याचे दोषही ठरलेले, अव्याप्ती (हवं ते सुटणं), अतिव्याप्ती (नको ते आत शिरणं), असंभव (कशालाच लागू न पडणं). "जिला फक्त १ नं आणि स्वतःनं भाग जातो ती मूळ संख्या" म्हटलं की १ पण आत शिरतो. अतिव्याप्ती! म्हणून "नेमके दोन विभाजक" म्हणायचं. १ ला आत घेतलं तर ६ चे मूळ अवयव २×३, १×२×३, १×१×२×३... संपतच नाहीत.

संत्रासाल: मूळ काहून, अभाज्य म्हणा ना बाप्पा. आमचे सर छेदाला जन्मभर हिंदीतला 'हर' म्हणत. कोशकार डॉ. रघुवीर नागपुरातच बसून संस्कृतातून शब्द पाडत होते. तेव्हा हे मध्य प्रांताच्या राजधानीचं गाव, हिंदी-मराठी एकाच टेबलावर.

कर्णभुजा: म्हणून मराठी पेपरात 'हर' लिहायचं का?

जुनीपाटी: लीलावतीत हर आणि छेद दोन्ही आहेत.

कर्णभुजा: तुमच्या लीलावतीत सगळंच असतं.

धरमपेठी: पहिल्या प्रश्नात 'स्पष्ट करा' टाकलं. 'परिभाषा' अजून तशीच पडून आहे.

संत्रासाल: जुन्या शब्दांवरून आठवलं. आजोबा औटकी म्हणत, साडेतीनचा पाढा. औट कुठून आला?

जुनीपाटी: अर्धचतुर्थ. तीन पुरे, चौथा अर्धा. अडीच म्हणजे तसाच अर्धतृतीय.

महालातला: तीन औट साडेदहा, चार औट चौदा, पाच औट साडेसतरा. माझं इथवरच. पुढे छडी खाल्ली होती.