मदत हवी आहे : चुकीच्या व्होल्टेजवर जोडलेला स्टँड मिक्सर

वैतागलेला
परदेशातून आणलेला स्टँड मिक्सर काल पहिल्यांदाच लावला आणि दोन-तीन सेकंदांत फट् असा आवाज होऊन तो बंद पडला. उद्या सकाळी मला तो वापरायचाच आहे, तेव्हा आतला कोणता भाग बदलावा लागेल एवढेच कृपया सांगावे. सोल्डरिंग मला येते.

चौकस
मिक्सरच्या बुडावरील पट्टीवर किती व्होल्ट, किती वॉट लिहिले आहे? वेगाची कळ इलेक्ट्रॉनिक आहे का? हे कळल्याखेरीज भाग सांगणे म्हणजे अंदाजपंचे काम होईल.

वैतागलेला
१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ३०० वॉट. कळ इलेक्ट्रॉनिक आहे. घरचा पुरवठा अर्थातच २३० व्होल्टचा आहे.

स्थिरचित्त
आमच्या फ्रीजला मी प्रथमपासून स्टॅबिलायझर लावलेला असल्यामुळे तो आजतागायत एकदाही बिघडलेला नाही. आपणही मिक्सरसाठी एक घ्यावा.

तारतम्य
स्टॅबिलायझर २३० च्या आसपासचे चढउतार सावरतो. तो २३० चे १२० करीत नाही. शिवाय फ्रीजबद्दल कोणी विचारलेलेच नाही. खरी अडचण आपल्या पुरवठ्याच्या ५० हर्ट्झची आहे, त्यावर ही मोटर कधीच नीट चालणार नाही.

चौकस
तारतम्य, इथे मी असहमत आहे. स्टँड मिक्सरमध्ये बहुधा कार्बन ब्रशची युनिव्हर्सल मोटर असते, जी डीसीवरही फिरते. तिला ५० काय नि ६० काय. आपण म्हणता तो फरक बिनब्रशच्या इंडक्शन मोटरला पडतो. मूळ प्रश्नकर्त्यांना विचारतो : यंत्र थेट सॉकेटमध्ये लावले होते का?

वैतागलेला
मी इतका अडाणी नाही. व्होल्टेज उतरवणारा १६०० वॉटचा कन्व्हर्टर मधे लावला होता, म्हणून तर व्होल्टेजचा प्रश्नच येत नाही असे मी धरून चाललो. आता तरी भागाचे नाव सांगावे.

चौकस
हे पहिल्याच निवेदनात यायला हवे होते. त्या कन्व्हर्टरचे वजन किती आहे?

वैतागलेला
वजनाचा काय संबंध? तळहातावर मावतो, मोबाईलपेक्षा थोडा जड.

चौकस
संबंध आहे. १६०० वॉटचा खरा ट्रान्सफॉर्मर लोखंड आणि तांब्याचा, कित्येक किलोंचा असतो. तळहातावर मावणारा कन्व्हर्टर ट्रायॅक या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या साहाय्याने विजेच्या लहरीचा बराचसा भाग कापून टाकतो. त्यामुळे परिणामी मूल्य १२० व्होल्टच्या आसपास येते, पण उरलेल्या तुकड्याचे टोक ३०० व्होल्टच्या घरात राहते. खऱ्या १२० व्होल्टच्या लहरीचे टोक साधारण १७० व्होल्टला असते. इस्त्री किंवा साध्या हीटरला हे चालून जाते, इलेक्ट्रॉनिक सर्किटला नाही, आणि बहुतेकदा ही सूचना माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापलेलीही असते.

प्लग काढून झाकण उघडा. पुरवठ्याच्या दोन्ही तारांमध्ये जोडलेली, नाण्यासारखी चपटी, निळी किंवा पिवळी चकती तडकलेली दिसेल, तो व्हॅरिस्टर. वाढीव दाब अंगावर घेऊन शॉर्ट होणे आणि फ्यूज उडवणे हेच त्याचे काम असते. चकतीवर १४डी२०१के असे काही लिहिले असल्यास तेवढ्याच मूल्याचा नवा आणा आणि फ्यूजही मूळ क्षमतेचाच घाला.

तारतम्य
त्याऐवजी २७५ व्होल्टचा व्हॅरिस्टर घालावा, म्हणजे पुन्हा फुटणार नाही.

चौकस
चकती फुटणार नाही, त्याऐवजी मोटर जळेल. पहारेकरी बदलल्याने घराच्या भिंती जाड होत नाहीत.

वैतागलेला
चकतीचे दोन तुकडे झाले होते आणि फ्यूज काळा पडला होता. दोन्ही बदलले, ओळखीच्यांकडून ७५० वॉटचा जड ट्रान्सफॉर्मर आणला. यंत्र सुरू झाले! मात्र कळ १ वर ठेवली तरी ते १० च्या वेगाने पिसाटल्यासारखे फिरते. वापरू का?

चौकस
अजिबात वापरू नका. वेग नियंत्रित करणारा ट्रायॅक शॉर्ट झालेला दिसतो; त्याच्यावरचा क्रमांक वाचून तोच आणा आणि हीटसिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीवर, बसवताना मधली अभ्रकाची चकती असल्यास ती विसरू नका. नंतर तारेचा १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून, कळ शून्यावर ठेवून चाचणी घ्या. बल्ब ठळकपणे पेटला तर शॉर्ट अजून आत आहे. वॉर्निश जळाल्याचा वास मोटरला येत असल्यास तेही सांगावे, कारण मग हा खर्च करण्यात अर्थ राहत नाही.

वैतागलेला
मोटरला वास नाही. ट्रायॅक सोमवारी मिळेल, तोवर उद्याचे पीठ हातानेच मळतो.

स्थिरचित्त
मग स्टॅबिलायझर कोणता घेतलात?