नवले पुलाच्या उतारावरचे भरधाव डंपर : तक्रार कुठे करावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मुलीला रोज स्कूटरवरून नऱ्ह्याहून वारज्याला सोडतो. पुण्यात मुंबई-बेंगळुरू महामार्गावर कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सगळा उतार. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले तिथे गाडी न्यूट्रल करतात. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथेच एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली, तो अपघात आठवला की अजून पोटात गोळा येतो. हल्ली तर हॉर्न दाबून अंगावरच येतात.

परवा एक डंपर हातभर अंतरावरून गेला. मुलगी घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

नंबर टिपलाय, व्हिडिओ नाही. तक्रार वाहतूक पोलिसांकडे करायची की आरटीओत? नुसत्या नंबरवर कारवाई झाल्याचा कुणाला अनुभव आहे का? आणि सेवा रस्त्याने वारज्यापर्यंत सलग जाता येतं का?